मानेवर बारा सेकंद

१

सकाळी नऊला डार्करूमचं दार उघडलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. प्रिंट धुवायच्या माझ्या तिन्ही ट्रेमध्ये कंप्युटरच्या वायरी होत्या, आणि वर एक चहाचा कप, तोही अर्धा प्यालेला. अण्णांनी पन्नास वर्षांत या खोलीत कुणाला पाणीसुद्धा पिऊ दिलं नव्हतं.

"छोट्या!" मी ओरडले.

छोट्या म्हणजे माझा भाऊ. वय एक्कावन्न, डोक्यावर टक्कल, पुढे ढेरी, पण घरात तो छोट्या तो छोट्याच. पुढच्या दुकानातून सावकाश पाय ओढत आला.

"ताई, जरा हळू. रंगारी ऐकतायत."

"ऐकू देत. हे काय आहे?"

"पुढे जागा नाहीये ना. शनिवारपर्यंत राहू दे."

"आणि शनिवारनंतर?"

त्याने नुसता कप उचलला. शनिवारनंतर ही डार्करूम तोडून इथे मोठा प्रिंटर बसवायचा, हे त्याने वायरमनला सांगितलं होतं, रंगाऱ्याला सांगितलं होतं, फक्त मला सांगायचं राहिलं होतं.

स्टुडिओ अण्णांचा. अण्णा म्हणजे आमचे वडील. गेल्या वर्षी गेले. आता छोट्याने पुढचा भाग नवा करून घेतला होता आणि शनिवारी दुकान पुन्हा उघडणार होतं. दर्शनी काचेत लावायचा होता आईचा फोटो. अण्णांचं सगळ्यात नावाजलेलं काम. मूळचा मोठा प्रिंट दुकानात वर्षानुवर्षं लटकत होता, पण भिंतीत ओल शिरली आणि तो काचेला चिकटला. छोट्याने अतिशहाणपणा करून तो ओढून काढला, तेव्हा आईचा चेहरा काचेवर राहिला आणि कागद कोरा हातात आला. त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

राहिली होती निगेटिव्ह. पोस्टकार्डाएवढी फिल्म, पत्र्याच्या डब्यात. डबा उघडला तर व्हिनेगरचा भपका आला. जुनी फिल्म सडायला लागली की असाच वास मारते. कडा वळल्या होत्या, एका कोपऱ्यावर सुरकुत्या आल्या होत्या. अजून महिना, फार तर दोन. मग नातेवाइकांकडचे छोटे प्रिंट सोडले तर आई पूर्णच संपली.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि छोट्या एक. तापाने गेली, असं आम्हाला सांगितलं होतं. तिचा चेहरा मला आठवतो तो या फोटोतलाच, बाकी काही नाही. म्हणून मला एक शेवटचा, नीट, डार्करूममध्ये चांदीच्या कागदावर काढलेला प्रिंट हवा होता. छोट्याचं म्हणणं, त्याने स्कॅन करून शाईचा काढलाय तोच बास. शेवटी ठरलं की दोन्ही शेजारी ठेवायचे आणि जो चांगला तो काचेत लावायचा.

२

त्याचा प्रिंट दोन फूट उंच होता. टेबलावर पसरून तो बाजूला उभा राहिला, परीक्षेचा निकाल लागायचाय असं तोंड करून.

मी मुद्दाम खोड काढायची म्हणून ट्यूबलाइट लावली.

"बघ. काळा हिरवट मारतोय."

"ट्यूबलाइटखाली मारणारच थोडा. खिडकीत नाही मारणार."

"अण्णांचा काळा कुठेही नेला तरी काळा होता. आणि केसांत बघ, नुसती शाई थापलीय. बट वेगळी दिसते का एखादी?"

"ताई, कंपनी दोनशे वर्षांची गॅरंटी देते या शाईची."

"कंपनी दोनशे वर्षं आहे का रे? दहा तरी झाली का तिला? हाताने धुतलेला प्रिंट मी पन्नास वर्षं बघितलाय. तुझी दोनशे वर्षं कुणी बघितलीत?"

"त्याच प्रिंटचा चेहरा काचेला राहिला ना पण," तो म्हणाला. मग स्वतःच ओशाळला.

खरं सांगायचं तर प्रिंट वाईट नव्हता. आई लाकडी खुर्चीत बसलेली, मागे काळाभोर पडदा. अंगात उघड्या गळ्याचं पोलकं. दोन्ही हात मांडीवर, डावा उजव्यावर ठेवलेला, डाव्या मनगटावर बारीक पट्ट्याचं घड्याळ. कॅमेऱ्याकडे बघतेय, पण हसत नाही. सगळं होतं. मान मात्र गुळगुळीत, प्लास्टिकची असावी तशी.

"मानेला काय केलंस?"

"साफ केली. डाग होते खूप. सडलीय ना फिल्म. दोन तास गेले माझे."

"बाकी कुठे डाग होते?"

त्याने जरा विचार केला. "कोपऱ्यात सुरकुत्या होत्या. डाग असे... मानेवरच होते."

"साफ न केलेली फाइल दाखव."

"तीच सेव्ह केली मी. वेगळी नाही ठेवली."

या माणसाचं काय करावं! एकच निगेटिव्ह, एकच स्कॅन, आणि त्यावरच पोछा मारून मोकळा. आणखी बोलले असते तर शनिवारच्या आधीच आमचं बोलणं बंद झालं असतं. निगेटिव्ह घेतली आणि आत गेले.

३

भिंगाखाली धरली. छोट्या म्हणाला ते खरं होतं, मानेवर काहीतरी होतं. पण सडल्याचे डाग मला कळतात. तिथे फिल्मची साय, म्हणजे चित्राचा वरचा थर, सुटते, फोड येतात, हात फिरवला तर खरखर लागते. इथे साय शाबूत होती. जे होतं ते फिल्ममध्ये आलेलं होतं. म्हणजे फोटो काढला तेव्हा ते आईच्या मानेवर होतं.

डब्यात पाकीट होतं आणि पाकिटात अण्णांची चिठ्ठी. अण्णा प्रत्येक चांगल्या निगेटिव्हची चिठ्ठी ठेवायचे, कुठला कागद, किती सेकंद. यावर लिहिलं होतं: एकूण चोवीस. मान, डाव्या हाताने, बारा.

ही चिठ्ठी मला तोंडपाठ होती. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एन्लार्जरचा उजेड वरून कागदावर पडतो. जितका जास्त पडेल तितकं काळं होतं. एखादी जागा काळी व्हायला नको असेल तर उजेडाच्या मध्ये हात धरायचा, म्हणजे ती जागा उजळ राहते. अण्णा म्हणायचे, हात हलता ठेव, कडा दिसता कामा नये. बारा वर्षांची असल्यापासून मी हा प्रिंट काढत आले. मामाला, मावशीला, कुणी मागेल त्याला. अण्णा मागे उभे राहून मोजायचे आणि मी बारा सेकंद आईच्या मानेवर हात धरायचे. का, असं एकदा विचारलं होतं. "सावली पडलीय तिथे, घाण दिसते," ते म्हणाले होते.

पहिला प्रिंट मी मावशीला नेऊन दिला. आईची सख्खी बहीण. तिने तो हातात घेतला, मानेवर बोट ठेवलं आणि "छान उजळ काढलीस गं मान," म्हणून रडायला लागली. मला वाटलं, माझं कौतुक करतेय.

पाकिटावर फोटोची तारीख होती. आई गेली ती तारीख मला माहीत आहे. मधे आठ दिवस होते. इतकी वर्षं पाकीट हाताळलं, पण ही वजाबाकी मी कधी केली नव्हती.

पाकीट आपटून बाजूला ठेवलं.

मी रसायनं कालवली, लाल दिवा लावला, कागद ठेवला. चोवीस सेकंद, सरळ. कुठेही हात नाही. दोन्ही हात अॅप्रनच्या खिशात घालून उभी राहिले. मग कागद डेव्हलपरमध्ये, चित्र उमटवणाऱ्या रसायनात, सोडला. आधी पडदा आला, मग केस, मग खुर्ची.

मान उजळ आली. स्वच्छ, डाग नसलेली, नेहमीसारखी.

४

पहिल्यांदा स्वतःवरच चिडले. म्हटलं, बाई, पन्नाशी उलटली, सवयीने हात गेला असेल. दुसरा कागद काढला. या वेळी दोन्ही हात पाठीमागे बांधले, अॅप्रनच्या नाडीत अडकवूनच. चोवीस सेकंद. डेव्हलपर. मान उजळ.

मग मी कामाला लागले, कारण मला भुताखेतांचा तिटकारा आहे. कागदावर चुकून उजेड पडला तर काळं होतं. पांढरं होण्यासाठी मध्ये काहीतरी यावं लागतं. मग मध्ये काय येतंय? लेन्स काढून पुसली. वरची भिंगं पुसली. धुळीचा कण नव्हता. निगेटिव्ह उलटी करून लावली, डोकं खाली. यंत्रात दोष असेल तर तो जागचा हलणार नाही, उजळ पट्टा आता आईच्या गुडघ्यांवर यायला हवा. प्रिंट काढला. गुडघे नेहमीसारखे, मान उजळ. दुसऱ्या एका निगेटिव्हवर करून पाहिलं, कुणाच्या तरी बारशाचा फोटो होता. त्यात काहीही नाही, खणखणीत प्रिंट.

तोवर मला तो आवाज ऐकू यायला लागला होता. आधीपासून येत असेल, माझं लक्ष नव्हतं. दिवा लागला की सुरू व्हायचा आणि थोड्या वेळाने थांबायचा. नळ गळतोय म्हणून नळ घट्ट बंद केला. पंखा बंद केला. पुढे रंगाऱ्यांचं खरवडणं चालू होतं, ते वेगळं कळत होतं. हा आवाज खोलीतला होता, माझ्या उजव्या खांद्यामागचा. पुटपुटल्यासारखा, एकसारख्या अंतराने.

पाचवा कागद ठेवला, दिवा लावला आणि या वेळी कागदाकडे बघतच राहिले.

आईची उलटी, काळ्याची पांढरी झालेली आकृती कागदावर पडली होती. मानेवर सावली आली. हळूच, बाजूने सरकत. ती हलत होती, थोडी वर, थोडी खाली, कडा दिसू नयेत म्हणून शिकवतात तशी. पुटपुटणं चालू होतं. मग सावली निघून गेली. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाहिला होता. बारा सेकंद.

मी वर पाहिलं नाही. लेन्स आणि कागद यांच्या मध्ये हातभर जागा असते, मान जरा वर केली असती तर दिसलं असतं. नाही केली. इतकी रागीट म्हणून मी प्रसिद्ध आहे, पण मान वर झाली नाही.

एक मात्र दिसलं. सावली जाताना क्षणभर थांबली आणि बोटं दिसली. अंगठ्याशेजारचं बोट तोकडं होतं. कागद कापायच्या कटरमध्ये अण्णांच्या डाव्या तर्जनीचं टोक गेलं होतं, माझ्या जन्माच्याही आधी.

५

"तुला झोप हवीय," छोट्या म्हणाला.

मी त्याच्यासमोर पाचही ओले प्रिंट टाकले. नव्या टेबलावर. टेबलाचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं.

"तूच हात धरला असशील, ताई. इतकी वर्षं धरतेयस."

"बरं. तुझ्या मशीनला तर हात नाही ना? परत स्कॅन कर. माझ्यासमोर. आणि मान साफ करायची नाही."

त्याने खांदे उडवले, निगेटिव्ह काचेवर ठेवली, झाकण लावलं. मशीन घरघरलं. कंप्युटरच्या पडद्यावर आई वरून खाली उतरत आली. कपाळ, डोळे, ओठ. मान आली ती उजळ, धुक्यातल्यासारखी, आणि त्या धुक्याला बोटं होती.

छोट्याने झाकण उघडून पाहिलं. पुन्हा लावलं. पुन्हा स्कॅन केलं. धुकं जरासं सरकलं होतं, एवढाच फरक.

"काल असं नव्हतं," तो म्हणाला. "काल डाग स्पष्ट होते. शप्पथ."

"कारण काल तू साफ करणार होतास. आणि मी जन्मभर हात धरत आले. आपण त्यांचं काम करत होतो तोवर त्यांना यायची गरज पडली नाही."

"कुणाला?"

मी धुक्यातल्या त्या बोटांवर बोट टेकवलं. त्याने पुन्हा पडद्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसला.

"कसले डाग होते? आठवून सांग," मी म्हटलं.

"एका बाजूला एक," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूला चार." मग त्याने स्वतःचा डावा हात वर केला, बोटं वाकवली आणि त्या हाताकडे बघत राहिला. "वरचं तोकडं होतं. मी ते आधी पुसलं, सोपं होतं म्हणून."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते मला त्या क्षणी कळलं. अण्णांचा राग आलाच. मावशीचा आला, रडली पण तोंड उघडलं नाही म्हणून. छोट्याचा आला. पण सगळ्यात जास्त आला तो माझ्या या उजव्या हाताचा आणि या डाव्या हाताचा. आईच्या गळ्यावरचं होतं नव्हतं ते मी झाकलं. सफाईने झाकलं आणि शाबासकी घेतली. तेवढ्यावर थांबले नाही. एकेक प्रिंट तासभर धुतला, म्हणजे शंभर वर्षं तो खोटेपणा पिवळासुद्धा पडू नये.

"मला तिची मान हवीय," मी म्हटलं. "जशी होती तशी. फिल्म सडायच्या आत."

"ताई, कशाला आता? दोघंही गेले."

"ती आहे अजून. महिनाभर. व्हिनेगरच्या वासात पडलीय त्या डब्यात."

छोट्या उठला. दुकानाचं शटर त्याने अर्धं खाली ओढलं आणि रंगाऱ्यांना जेवून या म्हणाला. मग माझ्यामागून आत आला.

६

मला एक युक्ती सुचली होती, आणि ती मी अण्णांकडूनच शिकले होते.

अण्णा कारागीर होते. चिठ्ठीत बारा लिहिलं की बारा. साडेबारा नाही. मग मी लेन्सचं तोंड तीन टप्पे बारीक केलं. उजेड इतका मंद झाला की चोवीस सेकंदांच्या जागी सव्वातीन मिनिटं लागणार. त्यातले बारा सेकंद कुणी हात धरला तर धरला. उरलेल्या तीन मिनिटांत मान पुरी उतरेल. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर मात करायला बसले होते, तेही त्यांच्याच गणिताने.

छोट्याला दाराला पाठ लावून उभं केलं. "हात खिशात घाल आणि काढू नकोस. काहीही झालं तरी."

"किती दिवसांनी आलोय इथे," तो म्हणाला. "मला आत घ्यायचेच नाहीत ते. तुलाच घ्यायचे."

"नशीबवान आहेस."

कागद ठेवला. हात खिशात घातले. पायाने बटण दाबलं.

मंद उजेडात आई कागदावर आली. दहा-पंधरा सेकंद काहीच झालं नाही. मग उजव्या खांद्यामागे सुरू झालं. या वेळी इतकं स्पष्ट की छोट्याचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं.

"एक. दोन. तीन."

अण्णांचाच आवाज. शांत, काम करतानाचा. सावली बाजूने सरकत मानेवर आली आणि हलायला लागली. मी तिच्याबरोबर मनात मोजत होते. दहा. अकरा. बारा. आता जाईल.

"तेरा," आवाज म्हणाला.

सावली हलायची थांबली होती. कडा आता स्पष्ट दिसत होत्या. मानेवर हात नुसता धरलेला नव्हता, आवळलेला होता.

"चौदा. पंधरा."

"अण्णा, हात काढा," मी म्हटलं. आवाज चिरका निघाला, लहानपणीसारखा.

"सोळा."

"काढा म्हणते ना! मेलात तरी लाज नाही? पन्नास वर्षं झाकलंत, माझ्या हातांनी झाकलंत! हात काढा तिच्या गळ्यावरचा!"

मागे छोट्या रडत होता. लहान मुलासारखा, नाक ओढत. पण त्याने हात खिशातून काढले नव्हते, हे मला कळत होतं, कारण खिशात किल्ल्या वाजत होत्या त्या मला ऐकू येत होत्या.

"सतरा. अठरा. एकोणी..."

शब्द अर्धवट तुटला. बोलता बोलता कुणी खस्सकन ओढलं की तुटतो तसा. सावली मानेवरून झटक्याने खाली गेली, खुर्चीच्या कडेपर्यंत, आणि तिथे काहीतरी चाललं होतं. काय ते मी पाहिलं नाही. मी फक्त मानेकडे बघत होते. तिथे उजेड पडत होता, एकसारखा, कुणाच्याही अडथळ्याशिवाय. घड्याळाचा काटा फिरत राहिला. खोलीत दुसरा आवाज नव्हता. सव्वातीन मिनिटं झाली तेव्हा दिवा मी बंद केला.

७

कागद डेव्हलपरमध्ये सोडला. छोट्या माझ्याजवळ येऊन उभा राहिला. आम्ही दोघं ट्रेवर वाकलो.

पडदा आला. केस आले, एकेक बट वेगळी. असा काळा मी जन्मात काढला नव्हता. डोळे आले. मग मान आली आणि मानेवर ते आले. एका बाजूला एक. दुसऱ्या बाजूला चार, वरचं तोकडं.

"आई गं," छोट्या म्हणाला. त्याने आईला हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. मारायला ती होतीच कुठे.

चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत प्रिंट बुडवून झाल्यावर मी पांढरा दिवा लावला. तेव्हा आम्हाला खालचा कोपरा दिसला. खुर्चीच्या बाजूला, जिथे पडद्याचा गडद काळा आहे, तिथे दोन पांढऱ्या आकृत्या राहिल्या होत्या. एक मोठा हात, एक बोट तोकडं, बोटं ताणलेली. त्याचं मनगट दुसऱ्या एका हाताने पकडलेलं. तो हात लहान होता. त्याच्या मनगटावर बारीक पट्टा होता आणि पट्ट्यावर घड्याळाची गोल तबकडी.

पांढरं होण्यासाठी मध्ये काहीतरी यावं लागतं.

माझे हात खिशात होते. छोट्याचे हात खिशात होते. मी पुन्हा वर पाहिलं, आईच्या मांडीकडे. कापडाच्या चुण्या होत्या, अगदी स्पष्ट, आणि त्यांवर तिचा उजवा हात होता. फक्त उजवा.

निगेटिव्ह बघायला एन्लार्जर उघडला. सव्वातीन मिनिटांच्या दिव्याच्या उष्णतेने सडलेल्या फिल्मची साय सुटली होती आणि तिचा चुरा पडला होता. आता परत काढून बघायला काही उरलं नव्हतं. एवढा एकच.

छोट्याने नाक पुसलं, बाहेर गेला, आणि दोन फुटी शाईचा प्रिंट फाडल्याचा आवाज आला.

"ताई," तो पुढून म्हणाला, "नीट धू. घाई करू नकोस. तासभर धू."

मी दीड तास धुतला. हायपोचा अंश राहिलाय का ते दोनदा तपासलं. आमच्या दोघांच्या नंतरही तो तसाच राहील, याची गॅरंटी मी देते, आणि माझ्या गॅरंटीला चाळीस वर्षं झालीत.

शनिवारी तो दर्शनी काचेत लागला, काळ्या चौकटीत. डार्करूम आहे तिथेच आहे. मावशी आली, ऐंशीच्या पुढची, नातीचा हात धरून. तिने आधी मान पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. मग तिची नजर खाली आली आणि ती गोंधळली.

"अगं, हिचा डावा हात मांडीवर होता ना? घड्याळाचा? कुठे गेला?"

छोट्याने माझ्याकडे पाहिलं.

"कामात आहे, मावशी," मी म्हटलं.